सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्वरची सिलिंडर पिन: पावसाळ्यात अडकते, साफ केली की पुढे सरकते

तीन पावसाळे हा त्रास काढला आणि आता कुठे उलगडा झालाय, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून टाकतो. कोणाकडे वडिलांचं, काकांचं जुनं सिंगल अ‍ॅक्शन असेल, म्हणजे दर फायरला घोडा अंगठ्याने ओढावा लागतो असं रिव्हॉल्वर, आणि घर आमच्यासारखं खाडीच्या काठावर असेल तर उपयोगी पडेल. त्रास दोन तोंडांचा. ऑगस्टात पिन अशी गच्च धरते की सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचं फिरतं चाक, बाहेर काढताच येत नाही, आणि दिवाळीनंतर सगळं साफसूफ करून रेंजवर नेलं की सहा-आठ फायरमध्ये तीच पिन आपोआप पुढे सरकते आणि घोडा ओढताना सिलिंडर मध्येच अडतो. आता एकाच पिनीला दोन्ही रोग कसे? एकतर घट्ट असेल नाहीतर ढिली असेल ना. मला पण असंच वाटायचं आणि तिथेच दोन वर्षं गेली.

हत्यार कोणतं ते आधी सांगतो. पॉइंट टू टूचं (०.२२ इंच बोअर), काडतुसांच्या सहा घरांचं, बाजूला तीन स्क्रू असलेलं जुन्या पद्धतीचं. वडील मर्चंट नेव्हीत होते, त्यांचं हे, ते गेल्यावर वारस म्हणून रीतसर अर्ज करून लायसन्स माझ्या नावावर करून घेतलं. मेकरचं नाव मुद्दाम घेत नाही कारण त्याचा यात काही दोष नाही, करणी सगळी माझी. आपल्याकडे बहुतेकांकडे ऑर्डनन्स फॅक्टरीचं पॉइंट थर्टी टू असतं, ते मधून मोडून उघडतं, त्याला ही अशी पुढून ओढून काढायची पिन नसते, त्यामुळे ओळखीत कोणाला विचारावं तर समोरचा म्हणणार पिन म्हणजे कुठली, सुई का? सुई नाही हो. सुई काडतुसावर मारते. ही पिन म्हणजे सिलिंडर जिच्यावर फिरतो तो आस.

जातं बघितलंय ना, खालच्या तळीत खुंटा ठोकलेला असतो आणि वरची तळी त्याच्याभोवती फिरते, तस्संच. फरक इतकाच की हा खुंटा आडवा असतो आणि काढता येतो. फ्रेमच्या पुढच्या भोकातून आत जातो, सिलिंडरच्या आरपार होतो आणि त्याचं शेपूट फ्रेमच्या मागच्या भोकात जाऊन बसतं. दोन्ही टोकांना आधार असेल तर सिलिंडर सरळ रेषेत, एका टोकाचा गेला की तो मान टाकतो. आणि ही पिन जागेवर राहावी म्हणून फ्रेममध्ये आडवा एक छोटा खटका असतो, स्प्रिंगवाला, तो पिनीला पाडलेल्या खाचेत बसतो. १८७३ सालचं जे मूळ कोल्टचं डिझाइन त्यात खटका नव्हता, पुढून एक स्क्रू यायचा आणि तो पिनीला दाबून धरायचा, स्प्रिंगचा आडवा खटका आला १८९० च्या दशकात. बटण दाबलं की पिन सुटते, स्क्रूड्रायव्हर लागत नाही. सोय झाली खरी, पण सगळा भार त्या इवल्याशा स्प्रिंगवर आला.

पुढचं काही करायच्या आधी एक गोष्ट, कंटाळा आला तरी वाचा. काडतुसं भरायची बाजूची झडप उघडायची, घोडा अर्ध्यावर ओढायचा, सिलिंडर हाताने फिरवत सहाच्या सहा घरं डोळ्यांनी बघायची आणि प्रत्येकात काडी घालून खात्री करायची. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. मोजताना पाचच मोजली आणि सहा समजलो असं माझं एकदा झालंय, बोलणं फोनवर चालू होतं. त्या दिवसापासून हत्यार समोर असलं की फोन पडवीत.

आता पहिलं दुखणं, अडकण्याचं. २०२२ च्या पावसाळ्यात पहिल्यांदा झालं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, भिंतीला ओल, कपाटातल्या चपलांना बुरा, आणि पाऊस नसेल तेव्हा खारा वारा. मी रिव्हॉल्वर ठेवलं होतं वडिलांच्या चामड्याच्या होल्स्टरमध्ये, कपाटात, आतल्या बाजूला. वाटलं छान गुंडाळलेलं आहे. चामडं म्हणजे स्पंज असतो हे तेव्हा डोक्यात आलं नाही. हवेतला ओलावा ओढून धरतं, वर ते कमावताना वापरलेली रसायनं आणि आपल्या घामाचं मीठ त्यात मुरलेलं असतंच, आणि हे सगळं लोखंडाला चार महिने चिकटून. बाहेरून फक्त दोन तपकिरी ठिपके दिसले. खरा गंज आत पिनीवर होता जिथे फडकं पोचतच नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आणि पिन आणि सिलिंडरच्या भोकात मुळात केसाएवढीच फट असते, मग अडकणारच.

त्यात पॉइंट टू टूची स्वतःची भर. या गोळीला बाहेरून मेण नाहीतर ग्रीस चोळलेलं असतं, फायर झाला की सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून गॅस, काजळी आणि ते मेण सगळं मिळून उडतं आणि नेमकं पिनीच्या पुढच्या भागावर जाऊन बसतं. थंड झालं की काळा डिंक. सिलिंडरच्या तोंडाला मधोमध जे उंच कडं असतं ते याच्यासाठीच, गॅस थेट पिनीवर जाऊ नये म्हणून. जुन्या काळ्या दारूच्या दिवसात हा प्रश्न कितीतरी मोठा होता, ठासणीच्या काळातल्या कोल्टच्या आसावर मळसूत्री खाचा असायच्या त्या ग्रीस धरून ठेवायला. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी पण माणसं हेच रडगाणं गात होती.

अडकलेली पिन काढताना मी काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. पकड घेतली. पिनीच्या डोक्याला कापड गुंडाळलं आणि पकडीने पिळली. कापड फाटलं, डोक्यावर दात उमटले, पिन जागची हलली नाही. ते दात आजही आहेत. मग अक्कल आल्यावर जे केलं ते बरोबर होतं. गंज सोडवणारं पातळ तेल पुढच्या भोकाशी दोन थेंब, हत्यार नळी वर करून उभं टेकवलं म्हणजे तेल पिनीवरून खाली झिरपेल, रात्रभर तसंच. सकाळी नळी खाली करून मागच्या भोकाशी दोन थेंब, पुन्हा दिवसभर. मध्येमध्ये सिलिंडर अगदी थोडा डावी-उजवीकडे हलवायचा, जबरदस्ती नाही, तेलाला वाट मिळावी एवढ्यापुरतं. माझी तिसऱ्या दिवशी सुटली. खटक्याचं बटण पूर्ण दाबून धरलंय ना हे पण बघा, मी पहिल्या दिवशी अर्धवट दाबत होतो म्हणजे एकीकडे पिन ओढतोय आणि दुसरीकडे खटक्यानेच तिला धरून ठेवलंय. नंतर कळलं की खटका पण गंजून अर्ध्यातच थांबत होता. पिनीचं डोकं ठोकायची वेळ आलीच तर पितळेची नाहीतर लाकडाची काडी आणि हलके टोले. लोखंडावर लोखंड नको. गॅसवर तापवणं वगैरे तर अजिबात नको, लोखंडाचं टेंपर, म्हणजे कडकपणा, जातं.

इथपर्यंत ठीक होतं. इथून पुढे मी शहाणपणा केला.

पिन बाहेर आली ती चॉकलेटी झालेली. म्हटलं हिला चकाचक करू. पॉलिश पेपर घेतला, हाताने घासून कंटाळा आला म्हणून पिन ड्रिल मशीनमध्ये धरली आणि पेपर लावून गरगर फिरवली. पाच मिनिटांत आरशासारखी. इतका खूश झालो की फोटो काढला. सिलिंडर पण असा फिरायला लागला की लोण्यासारखा, बोट लावलं की चार फेऱ्या. तेव्हाच शंका यायला हवी होती. सिलिंडर पिनीवर सहज फिरावा पण खडखडू नये, आणि माझा आता बारीकसा खुळखुळत होता, मला मात्र वाटलं हाच तो स्मूदनेस.

डिसेंबरात रेंजवर नेलं. पहिला सिलिंडर बरा गेला. दुसऱ्यात चौथ्या फायरनंतर घोडा ओढायला जड. बघतो तर पिनीचं डोकं चांगलं दोन-तीन मिलिमीटर पुढे आलेलं. दाबून आत ढकललं, टक आवाज आला, पुन्हा पाच फायर, पुन्हा बाहेर. शेजारच्या लेनवाल्याने हात चोळत विचारलं काहीतरी बारीक टोचतंय, तुमच्याकडून येतंय का? शिशाचे कण उडत होते फटीतून. दोन काडतुसं तर फुटलीच नाहीत, कारण मागचा आधार सुटला की सिलिंडर खाली झुकतो आणि सुईचा मार काडतुसाच्या मागच्या काठावर, म्हणजे रिमवर, हवा तिथे बसत नाही. फायर झाला नाही तर लगेच उघडू नका हो, नळी टार्गेटकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा. आणि आवाज नेहमीसारखा न येता फुस्स आला तर तिथेच थांबायचं, नळीत गोळी अडकली असू शकते.

पिन पुढेच का येते, मागे का जात नाही याचं उत्तर सोपं आहे. एसटी एकदम सुटली की उभा माणूस मागच्या बाजूला जातो ना, खरं तर माणूस आहे तिथेच असतो, गाडी पुढे जाते. इथे उलट दिशा. फायर झाला की हत्यार झटक्यात मागे येतं आणि पिन आहे तिथेच राहायला बघते, म्हणजे आपल्याला ती पुढे आलेली दिसते. तिला धरणारा फक्त खटका. मोठ्या बोअरमध्ये, पॉइंट फोर्टी फोर मॅग्नम वगैरे, झटका इतका जबर की नव्या कोऱ्या हत्याराची पिन पण सुटते, म्हणून तिकडे लोक जड स्प्रिंग घालतात किंवा छोट्या स्क्रूने जखडता येणारी पिन बसवतात. पण पॉइंट टू टूचा झटका तो केवढा. त्यात पिन सरकत असेल तर खटक्याचं नाहीतर खाचेचं काहीतरी बिघडलंय हे नक्की समजायचं, झटक्याला दोष देऊ नये.

मी मात्र दोष पिनीला दिला. गंजून खराब झाली, नवीन पाहिजे, असं धरून बसलो. आणि पुढच्या पावसाळ्यात, २०२३ ला, चुलत भावाच्या सल्ल्याने खोबरेल. त्याचं म्हणणं, आजोबा ठासणीच्या बंदुकीला खोबरेलच लावायचे आणि ती बंदूक अजून आहे. खरंय, आहे, भिंतीवर आहे. खोबरेल साधारण चोवीस डिग्रीच्या खाली गोठतं, आमच्याकडे जानेवारीच्या पहाटे बाटलीत घट्ट होतं तसंच ते पिनीवर पण होणार. उन्हाळ्यात पातळ होऊन काजळी गोळा करतं, काही महिन्यांत खवट होतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते खटक्याच्या भोकात जाऊन स्प्रिंगभोवती लोणचं होऊन बसलं. खोबरेल डोक्याला आणि फोडणीला. हत्याराला शिलाई मशीनचं तेल सुद्धा त्याच्यापेक्षा दहापट बरं. लोक रॉकेलने पण धुतात, धुवायला हरकत नाही पण रॉकेल उडून गेल्यावर लोखंड उघडं पडतं, मागून तेल लावलंच पाहिजे. डब्ल्यूडी-४० चं पण तसंच, ते पाणी हटवायला उत्तम, नावातच ते आहे, पण चार महिने टिकणारं तेल म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

तिसरा पावसाळा २०२४ चा. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, हत्यार जमा करायची नोटीस आली, मी जाऊन जमा केलं ते, आता हसाल, त्याच होल्स्टरमध्ये घालून. घाईत होतो. जूनमध्ये परत मिळालं तेव्हा पाऊस सुरू झालेला. चूक सर्वस्वी माझी, जमा करताना कोरडं करून, तेल लावून, चामड्याबाहेर काढून द्यायचं हे आपलं काम, तिथे कोणी आपल्या हत्याराला तेल लावत बसणार नाही. पिन पुन्हा गच्च. पुन्हा तीन दिवस तेल, पुन्हा सुटली, पुन्हा रेंजवर गेल्यावर सरकली.

मार्ग दाखवला मामांनी. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटींच्या इंजिनांची कामं करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, बंदुकीशी काही संबंध नाही आणि मी हत्यार त्यांच्या हातात दिलेलं पण नाही, जेवताना नुसतं वर्णन केलं. ते म्हणाले, "अरे शाफ्ट हलायला लागला तर आम्ही आधी विचारतो कुठल्या बाजूला हलतोय. मागेपुढे की आडवा? दोन्ही दुखणी वेगळी. आणि शाफ्ट बाहेर येतोय म्हणजे तिसरंच दुखणं, ते धरणाऱ्याचं. तू तिन्ही एकात घालून शाफ्टलाच शिव्या देतोयस."

मी म्हटलं, "मामा, पण तुम्ही शाफ्ट घासता की पेपरने?"

"घासतो? शाफ्ट? ड्रिलमध्ये धरून?" मामांनी आमटी वाढून घेतली आणि पुढे काही बोलले नाहीत.

मग घरी येऊन शिस्तीत तपासलं, आणि खरं तर अर्ध्या तासाचं काम होतं. ओळीने सांगतो. रिकामं हत्यार, सिलिंडर जागेवर, पिन आत. आधी सिलिंडर मागेपुढे ढकलून बघायचा. पुढच्या, नळीकडच्या फटीत फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून मोजा, साधारण ४ ते ८ थाऊ म्हणजे हजारांश इंच इतकी फट ठीक समजतात. सिलिंडर मागे दाबून एकदा आणि पुढे दाबून एकदा मोजायचं, दोन्हीतला फरक म्हणजे मागेपुढचा खेळ. हा जास्त असेल तर सिलिंडरच्या मधला बुश (पिन जिच्यातून जाते ती आतली नळी) नाहीतर त्याचं कडं झिजलंय, पिनीचा त्यात काही हात नाही. माझा जेमतेम दोन थाऊ, म्हणजे चांगला. मग सिलिंडर आडवा हलवून बघायचा, डावी-उजवीकडे आणि वर-खाली. इथे माझा डुलत होता. हे पिनीच्या जाडीचं दुखणं. पिन काढून डिजिटल व्हर्नियरने मोजली, डोक्याजवळ जिथे पेपर लागला नव्हता तिथे एक माप आणि मध्ये जिथे मी आरसा केला होता तिथे ०.०८ मिलिमीटर कमी. आरशाची किंमत.

आता खटका. बटण दाबून सोडायचं, टक्कन परत आलं पाहिजे, रेंगाळत आलं तर आत घाण आहे किंवा स्प्रिंग मेली. माझं रेंगाळत होतं, आणि पूर्ण येतच नव्हतं, अर्धा मिलिमीटर आधी थांबायचं. बाहेरून बघून कळत नाही, दुसऱ्या बाजूने खटक्याचं टोक किती बाहेर येतंय त्यावरून कळतं. काही हत्यारांत हा खटका दोन तुकड्यांचा असतो, एका बाजूने स्क्रूसारखा आणि दुसऱ्या बाजूने नट, मध्ये स्प्रिंग. तो नट सैल झाला तर खटका वाकडातिकडा बसतो, जास्त आवळला तर स्प्रिंगला जागाच उरत नाही. उघडताना पिशवीत हात घालून उघडा, ती स्प्रिंग उडाली की कुठे जाते ते देवाला ठाऊक, आमच्या शेणाने सारवलेल्या खळ्यात तर विसराच.

शेवटी खाच. भिंग घेऊन बघितली. पिन पुढे जायला बघते तेव्हा खाचेची मागची भिंत खटक्यावर दाबते, म्हणून तीच भिंत बघायची. कडा धारदार, काटकोनात असली पाहिजे. माझी गोल, गुळगुळीत, चिंचोक्यासारखी. ड्रिलवर पेपर फिरवताना खाचेच्या कडा पण घासल्या गेल्या होत्या. म्हणजे गोल झालेली कडा आणि अर्धवट येणारा खटका, दोन्ही मिळून घसरगुंडी. पिन गंजली म्हणून मी घासली, घासली म्हणून ती डुलायला आणि सरकायला लागली, आणि आधी गंजाने, मग खोबरेलाने खटका चिकटला म्हणून तिला धरणारं कोणी उरलं नाही.

इथून पुढे घरात काही करण्यासारखं नव्हतं. गंजाचं, तेलाचं, साफसफाईचं आपण करावं, पण पार्ट बनवणं, खाच कापणं, भोक मोठं करणं हे लायसन्सधारक आर्मररचंच, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याचंच काम, कायद्याने पण आणि अकलेने पण. ओळखीच्या लेथवाल्याकडे पिन फिरवून घ्यायचा मोह होतो, मलाही झाला, पण दुरुस्तीला सुद्धा शस्त्र कायद्यात वेगळं लायसन्स लागतं, बिचारा लेथवाला फुकट अडकायचा. जानेवारीत आंबा घाट चढून कोल्हापूरला एका परवानाधारक दुकानात नेलं, लायसन्सवर एरिया महाराष्ट्र आहे ना हे निघायच्या आधी बघून घ्या. त्यांनी पिन बघितली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पॉलिश पेपर?" मी मान हलवली. म्हणाले दर दिवाळीत एक-दोन येतात असे. त्यांनी नवी पिन बसवली, खटक्याची स्प्रिंग बदलली, भोक साफ केलं, सिलिंडरच्या आतला बुश मात्र हात न लावता ठेवला. पावतीवर लायसन्स नंबर आणि हत्याराचा नंबर लिहून घेतला, ती पावती लायसन्सच्या पिशवीतच ठेवलीय.

आता नवी पिन परत गंजू नये म्हणून काय करतो ते. आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या कामांत याची भर घातलीय, लाकडं आत, सुकी मासळी डब्यात, पावसाला आडोसा म्हणून झड लावायची, आणि त्याच आठवड्यात, मिरगाच्या (मृग नक्षत्राच्या) आधी, हे. पिन काढायची, साध्या कापडाने पुसायची, जुना डिंक असेल तर नायलॉनचा ब्रश आणि गन सॉल्व्हंट (काजळी विरघळवणारं द्रव), आणि पॉलिश पेपर घरात असेल तर तो कपाटातच राहू द्यायचा. पृष्ठभागावर तपकिरी डाग राहिला तर राहू दे, डाग दिसतो पण अडत नाही. फारच झालं तर तेल लावून तांब्याच्या तारेने हलक्या हाताने. सिलिंडरच्या भोकातून कापड ओढून कोरडं करायचं. मग पिनीवर तेलाचा एक थेंब बोटाने पसरायचा, इतका की बोट फिरवलं तर ओलसर लागावं पण ओघळू नये. खटक्याच्या भोकात सुईच्या टोकावर मावेल एवढंच. पावसाळ्याचे चार महिने वापरणारच नसेन तेव्हा तेलाऐवजी पातळ थर ग्रीसचा, ते ऑक्टोबरात पुसून पुन्हा तेल, कारण ग्रीस घेऊन रेंजवर गेलात तर सगळी काजळी तिथेच चिकटणार.

ठेवायचं कशात? चामड्यात नाही हे झालंच. फोमच्या बॉक्समध्ये पण नाही, फोम पण ओल धरतो. मशिनरीचे बेअरिंग ज्या पिवळट कागदात गुंडाळून येतात तो व्हीसीआय कागद मिळाला तर त्यात गुंडाळायचं, त्यातून निघणारी वाफ लोखंडावर बसून गंज थोपवते. मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून डबा लोखंडी कपाटात कुलपात. सिलिकाचा रंग बदलला की तवा मंद आचेवर ठेवून परतून घ्यायची, तवा जुना घ्या, भाकरीचा नको, घरात बोलणी बसतात. तांदळात पुरून ठेवणारे आहेत, तांदूळ ओल ओढतो म्हणून. थोडीशी ओढतो, आणि पीठ पिनीच्या भोकात सोडतो.

थोडं इतर लोकांसाठी. साफ करून पिन परत घालताना ती शेवटचे दोन मिलिमीटर आत जातच नसेल तर ठोकू नका, सिलिंडर नीट बसलेला नाही. सिलिंडर फिरवणारा आतला छोटा हात मागून ढकलत असतो, म्हणून सिलिंडर अंगठ्याने मागे आणि किंचित आत दाबून थोडा फिरवायचा आणि मग पिन सोडायची, आपोआप टक होते. १९७३ नंतरच्या काही अमेरिकन मॉडेल्समध्ये पिनीच्या मागच्या टोकाला स्प्रिंगवाली बारीक टिकली असते, ती आत गेल्यावर बाहेर आली पाहिजे, तिच्यात गंज बसला तर घोड्याचं काम बिघडतं, त्या टिकलीला पण तेलाचा स्पर्श हवा. आणि कोणाकडे इटालियन बनावटीची १८७३ ची नक्कल असेल आणि अचानक घोडा पूर्ण पडेनासा झाला असेल तर घाबरू नका, पिनीला दोन खाचा आहेत का ते बघा. दुसऱ्या खाचेपर्यंत पिन आत ढकलली की ती घोड्याला अडवते, सेफ्टी म्हणून ठेवलेली सोय आहे ती. साफ करताना चुकून दोन टक झाले असतील, पिन एक खाच बाहेर ओढा. जुन्या तीन स्क्रूवाल्यात मात्र अशी काही सोय नाही, घोडा थेट सुईवर टेकतो, म्हणून भरायचं पाचच आणि घोड्याखालचं घर रिकामं.

बारा बोअरवाल्यांचा प्रश्न हमखास येतो, शेती संरक्षणाच्या परवान्यावर सिंगल बॅरल बहुतेक वाड्यांत एखादी असतेच. तिथे बिजागरीची पिन असते, नळी मोडून उघडते ती जिच्यावर. गंजाचं, तेलाचं सगळं तेच. फरक इतकाच की ती घरी काढायची नाही, पुढचं लाकूड काढून नळी बाजूला केली की पिन उघडी दिसते, तेवढीच पुसून ग्रीस लावायची. नळी बंद केल्यावर डावी-उजवीकडे हलत असेल तर ती वापरू नये, आर्मररकडे न्यावी.

नव्या पिनीची परीक्षा मी अशी घेतली. पिनीचं डोकं आणि फ्रेम जिथे भेटतात तिथे पांढऱ्या मार्करने आडवी एक रेघ ओढली, अर्धी पिनीवर अर्धी फ्रेमवर. पिन पुढे सरकली किंवा फिरली तर रेघ तुटणार. फेब्रुवारीत ५० फायर केले, दर पाचाला बघत होतो, रेघ जुळलेलीच. मग २०२५ चा पावसाळा आला, मे महिन्यातच आला, आगोट अर्धवट राहिली सगळ्यांची, पण रिव्हॉल्वरचं काम तेवढं आधी झालं होतं. ऑक्टोबरात डबा उघडला, बटण दाबलं, टक, आणि पिन दोन बोटांनी बाहेर. मामांना फोन करून सांगितलं तर म्हणाले ड्रिल कुठाय तुझं. दिलंय चुलत भावाला.